अकरावा फर्मा

कजरीनं विझलेली मशाल पेटवली ती कशाच्या जोरावर, या एका प्रश्नापायी लखनऊच्या अलीगंजातली बारा धडधाकट माणसं सात महिने एकमेकांच्या उरावर बसली होती. आज त्याचा निकाल लागायचा होता. सन पंचाण्णव, मे महिन्यातला रविवार, दुपारचे तीन. बाहेर लू अशी वाहत होती की कुत्रीसुद्धा नाल्यात उतरून पडली होती. आणि रूपाली गजभिये तोंडाला ओढणी गुंडाळून सायकल हाणत होती. ती आज पोचली नसती तर एक धडधडीत खोटं पुस्तकात छापून आलं असतं आणि मग ते कायमचं खरं झालं असतं.

कजरी ही कुणी खरी बाई नव्हे. 'नीलगढ़' नावाची हिंदी कादंबऱ्यांची एक माळ होती. नऊ भाग निघालेले, दहावा आणि शेवटचा यायचा होता. त्या जगात 'नाद' नावाची जादू आहे. नेमका नाद तोंडातून निघाला की आग, पाणी, दगड ऐकतात. पण दर नादामागे बोलणाऱ्याची एक आठवण कायमची जाते. हा नाद सात कुळांचाच. दुसऱ्या कुणी उच्चारला तर जीभ जळते म्हणे. असं सांगतं कोण, तर तीच सात कुळं. आणि चौथ्या भागात कजरी, गुरुकुलाच्या चुलीतली राख उचलणारी बाई, भर लढाईत, काळोखात, तोंड उघडते आणि मशाल पेटते.

कशी?

यावरून दोन तट पडले होते. खूनवाले (हिंदीतला खून, म्हणजे रक्त) आणि कानवाले. खूनवाल्यांचा पुढारी धैर्यशील. छावणीतल्या एका कर्नलसाहेबांचा मुलगा, साताऱ्याकडचा, वडिलांच्या बदलीबरोबर गेल्या वर्षी जबलपूरहून आलेला. त्याचं म्हणणं असं की जखमी राजा वीरभानू कजरीच्या अंगावर कोसळतो, त्याचं रक्त तिच्या कपाळाला लागतं, आणि त्या रक्तातून जादू तिच्यात उतरते. पुराव्याला एक ओळ होती, ती सगळ्यांना पाठ होती: 'राजा के हाथ में तलवार की लौ काँपी और बुझ गयी।' झालं! तलवारीत ज्योत होती, ती रक्तावाटे कजरीत गेली, म्हणून तलवार विझली आणि मशाल पेटली. तलवारीला ज्योत असल्याचं आधीच्या तीन भागांत कुठं नाही, नंतरच्या पाचांत नाही. पण भक्ताचं अशानं कधी अडलंय?

कानवाल्यांची पुढारी रूपाली. एकोणीस वर्षांची, बीएच्या दुसऱ्या वर्षाला. तिच्या बाजूला मोजून दोन माणसं, त्यातला एक फक्त धैर्यशीलच्या मोटरसायकलवर जळायचा म्हणून. तिचं म्हणणं साधं होतं. बारा वर्षं कजरी गुरुकुलाच्या दाराबाहेर राख भरत होती. आत पोरं नाद घोकत होती. भिंतींना कान असतील नसतील, कजरीला होते. तिनं ऐकलं, मनात धरलं, वेळ आली तेव्हा बोलली. जीभ जळली नाही, कारण जीभ कुणाचीच जळत नाही. सात कुळांची खरी जादू एवढीच, की बाकीच्यांनी तोंड उघडूनच पाहू नये अशी तजवीज त्यांनी करून ठेवली.

भांडण इथवर असतं तर चहाबरोबर पिऊन टाकता आलं असतं. पण नवव्या भागाच्या शेवटच्या पानावर प्रकाशकानं जाहीर केलं होतं: प्रत्येक वाचनालयाच्या वाचक मंडळानं एकच पत्र पाठवावं, नाद कुणाचा आणि कसा चालतो ते सांगावं, खाली एका वाचकाचं नाव आणि वाचनालयाची मोहर असावी. लेखकाला पटेल ते पत्र दहाव्या भागाच्या आरंभी छापलं जाईल. उद्या सोमवार, टपालात टाकायचा शेवटचा दिवस.

रूपालीला ते पत्र आपलं हवं होतं. नाव छापून येण्याची हौस होतीच, कुणाला नसते? पण त्याहून मोठी गोष्ट अशी की तिचं म्हणणं हे म्हणणं म्हणून ऐकलं जावं. कुणाच्या तोंडून आलं ते न बघता. लखनऊत तशी सोय होती. इथं गजभिये म्हणजे कोण हे कुणाला कळत नव्हतं. पाच वर्षांपूर्वी ती पहिल्यांदा वाचनालयात आली तेव्हा ते चालवणाऱ्या हरिहरजींनी नाव विचारलं आणि म्हणाले, "गजभिये? मराठी हो? अच्छा, पेशवा लोग!" चौदा वर्षांची पोर, ती "हूँ" म्हणाली. नुसतं हूँ. तेव्हापासून ती सगळ्यांची 'पेशवा बिटिया' होती, आणि त्या एका हुंकाराची लाज तिला जेवतानासुद्धा आठवायची. विकास नगरातल्या त्यांच्या दोन खोल्यांत दारासमोरच बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर होती. म्हणून तर पाच वर्षांत तिनं वाचनालयातल्या एकाही माणसाला घरी बोलावलं नव्हतं.

आज तिच्या पिशवीत चौथ्या भागाचा उत्तरार्ध होता. हे पूर्वार्ध-उत्तरार्ध लेखकाचं काम नव्हे, हरिहरजींचं. जाड पुस्तक आलं की ते पाठीतून चिरायचे, दोन तुकडे करायचे, दाभणासारख्या सुताळ्यानं शिवून वेगळे पुठ्ठे लावायचे आणि दोन भाडी घ्यायचे. पुन्हा कडा सारख्या दिसाव्यात म्हणून वरून कापायचे. त्यात वरच्या कोपऱ्यातले पानांचे आकडे उडून जायचे. चौथा भाग बाजारात मिळत नव्हता; साऱ्या मंडळानं वाचला तो हाच, चिरलेला.

मंगळवारी रूपालीनं तो घरी आणला. तिचे वडील नागसेन गजभिये रेल्वेच्या छापखान्यात बाइंडर होते. भंडाऱ्याहून बदलीवर आलेले, बावीस वर्षं कागद दुमडत आणि शिवत होते. त्यांना कादंबरीशी देणंघेणं नव्हतं. पुस्तक हातात घेतलं की ते आधी शिवण बघायचे, जसा सोनार आधी टाका बघतो.

"हे कोण्या गाढवानं बांधलं?" ते म्हणाले.

"काय झालं, बाबा?"

"इथं पाय. पानाच्या खाली, कोपऱ्यात." त्यांनी नखानं दाखवलं. अगदी बारीक अक्षरात छापलं होतं: नी. ४–१२. "सोळा पानांचा एक फर्मा. पयल्या पानाखाली त्याचा नंबर. हा बारावा. अन् त्याच्या मागून हा," त्यांनी सोळा पानं उलटली, "अकरावा. मंग तेरावा. उलटं शिवलं ना बाप्पा!"

रूपालीची आई बेबी पोळ्या लाटत होती. ती म्हणाली, "मंग काय झालं? वाचणाऱ्याले समजलं नाही का?"

"समजलं असतं तं सात महिने भांडले असते काय?" रूपाली म्हणाली, आणि तिनं पुस्तक ओढून घेतलं.

कारण फर्मे सरळ लावले तर सगळंच फिरत होतं. अकराव्यात मशाल विझते आणि कजरी ती पेटवते. बाराव्यात तो उजेड पाहून राजा तिकडे येतो, कोसळतो, आणि त्याचं रक्त तिला लागतं. आधी जादू, मग रक्त! आणि ती प्रसिद्ध ओळ ओळच नव्हती. बाराव्या फर्म्याचं शेवटचं पान संपतं 'राजा के हाथ में तलवार' इथं. अकराव्याचं पहिलं पान सुरू होतं 'की लौ काँपी और बुझ गयी' इथून. आणि पूर्वार्धाच्या अगदी शेवटी दोन शब्द लोंबकळत होते, ज्यांच्याकडं कुणी पाहिलं नव्हतं: 'आख़िरी मशाल'. तलवारीला ज्योत कधी नव्हतीच. हरिहरजींच्या सुताळ्यानं ती लावली होती आणि अर्धा अलीगंज तिच्या उजेडात अक्कल पाजळत बसला होता.

पण खालचे बारीक नंबर दाखवून हरिहरजी मानणार नव्हते. आपल्या शिवणीबद्दल ते बायकोचंही ऐकत नसत. प्रेसचीच चूक म्हणाले असते. खात्री पटवायला हवी होती न चिरलेली प्रत. आणि तशी एकच होती. धैर्यशीलची. जबलपूरच्या स्टेशनवर घेतलेला त्याचा स्वतःचा संच, खाकी कागदाची कव्हरं घातलेला. दर बैठकीला तो खांद्याच्या पिशवीतून आणायचा, मांडीवर ठेवायचा, आणि कुणाला बोट लावू द्यायचा नाही.

हे जेवताना रूपालीच्या डोक्यात आलं तेव्हा तोडलेली पोळी हातातच राहिली. त्याची प्रत सरळ होती. म्हणजे त्याला ठाऊक होतं.

वाचनालय म्हणजे एका घराचं गॅरेज. शटर अर्धं खाली, आत कूलर, सतरंजी. दारात धैर्यशील मोटरसायकलला टेकून उभा होता. तो एकटा होता, आणि मराठीत बोलला. इथं ते दोघंच मराठी बोलणारे. एरवी त्याला ती भाषा आठवत नसे.

"गजभिये. भंडारा ना?"

रूपालीनं सायकलला कुलूप लावलं. "हो. का?"

"काही नाही. परवा आईशी बोलताना नाव निघालं. ती म्हणाली, अरे, ते तर..." तो हसला. वाक्य त्यानं पुरं केलं नाही. असली वाक्यं पुरी करावी लागत नाहीत. "मग म्हटलं, बरोबर आहे. तरीच हिला ती राखवाली एवढी प्यारी."

"कजरीबद्दल काय बोलायचं ते आत बोल."

"आत बोलू? हिंदीत?" त्यानं शटरकडं मान वळवली. "आत सगळे तुला पेशवीण समजतात. छान आहे की. राहू दे. तू आज फक्त म्हण, की तुलाही रक्ताचं पटलं. पत्र माझ्या नावानं जाईल, आणि मी कशाला कुणाला काय सांगतोय? आपण दोघं मराठी माणसं."

तिच्या कानात लू शिरल्यासारखं झालं. मारावंसं वाटलं. मारण्याहून वाईट म्हणजे, एक क्षणभर तिनं हिशेब केला. एक पत्र. कुठली तरी कादंबरी. जग थोडंच बुडणार? त्यानं सांगितलं तर ती आत जे काही बोलेल त्याचं एकच भाषांतर होईल: अच्छा, तो ये बात है. फर्मे सरळ असोत की उलटे, तिचा पुरावा पुरावा राहणार नाही, तिची जात होईल.

"तुझं कव्हर फाटलंय," त्याच्या पिशवीतल्या खाकी पुस्तकाकडं बघत ती म्हणाली आणि शटरखालून वाकून आत गेली.

आत दहा जण होते आणि मधोमध लाकडी खुर्चीत हरिहरजी. त्यांना मत नव्हतं, मोहर होती. धैर्यशील आधी बोलला. चांगला बोलायचा तो. बापाच्या मेसमध्ये शिकलेला आवाज. "तलवार की लौ" म्हणताना त्यानं हात वर नेला तेव्हा चार जणांनी वा म्हटलं. विष्णूबाबू, टपाल खात्यातून निवृत्त झालेले, खूनवाल्यांचे आधारस्तंभ, डोळे मिटून डोलत होते.

रूपाली उठली.

"मुझे बस एक बात पूछनी है," ती म्हणाली. "धैर्यशीलजी वो लाइन पढ़ दें। तलवार की लौ वाली।"

"अरे, वो तो सबको याद है, बिटिया," हरिहरजी म्हणाले.

"याद से नहीं। किताब से। अपनी किताब से।"

धैर्यशीलचा हात मांडीवरच्या खाकी कव्हरावर सपाट पडला, जसा कुणी झाकण दाबून धरतं.

"लाइब्रेरी की कॉपी है न सामने," तो म्हणाला. "उसी में से पढ़ लो।"

"लाइब्रेरी की तो मैंने पढ़ी है। आपकी नहीं पढ़ी। आपने पढ़ी है?"

कुणीतरी खुदकन हसलं. विष्णूबाबूंनी डोळे उघडले. "पढ़ दो भाई। अपनी ही तो है, ससुराल की थोड़े है।"

"मेरी किताब में... प्रिंट हल्का है।"

"चश्मा दूँ?"

आता सगळे हसले, आणि धैर्यशीलचा चेहरा तांबडा झाला. रूपालीनं तो तांबडेपणा पाहिला आणि तिला कळलं, आता येणार. ती पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिली.

"हँस लीजिए," तो म्हणाला. "लेकिन ये भी पूछ लीजिए कि ये लड़की है कौन। पेशवा? पेशवा-वेशवा कुछ नहीं है। हमारे यहाँ गजभिये किसको कहते हैं, मुझसे पूछिए। इनके घर में किसकी फ़ोटो लगी है, वो पूछिए। कजरी से इतना प्यार ऐसे ही नहीं है। ये किताब नहीं पढ़ रही, अपना कोटा माँग रही है।"

आणि ज्या सुराला ती भ्याली होती अगदी त्याच सुरात मागून एक आवाज आला, "अच्छा... तो ये बात है।"

हरिहरजींनी तिच्याकडं पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. हिशेब होता. पाच वर्षांत हिला आपल्या घरच्या माठातलं पाणी किती वेळा दिलं, याचा. ते पाहून रूपालीची भीती एकदम संपली. उकळी फुटून पाणी सांडावं आणि भांडं हलकं व्हावं, तशी.

"फ़ोटो दो हैं," ती म्हणाली. "बुद्ध की और बाबासाहेब की। हम बौद्ध हैं। उसके पहले महार थे, जिनके हाथ का पानी इनके गाँव में नहीं पीते थे। पाँच साल आप लोगों ने पेशवा कहा और मैं चुप रही। वो झूठ मेरा था, मैं मानती हूँ। अब इनका झूठ देखिए।" ती धैर्यशीलकडं वळली. आवाज चढला नव्हता. चढवण्याची गरज नव्हती. "मेरी जात हो गयी? अब पढ़िए।"

विष्णूबाबू गुडघे धरत उठले. त्यांना तिचं बोलणं रुचलं नव्हतं, हे त्यांच्या ओठांवरून दिसत होतं. पण माणूस चौतीस वर्षं पत्ता वाचत आला होता.

"जो लिखा है वो पढ़ा जायेगा," ते म्हणाले, आणि धैर्यशीलच्या मांडीवरून पुस्तक उचललं. तो "अंकल!" म्हणाला, पण थोरल्या माणसाचा हात झिडकारायचं त्याला सुचलं नाही.

विष्णूबाबूंनी पान शोधलं. शोधायला वेळ लागला नाही, ते पुस्तक तिथंच आपोआप उघडलं. बरेचदा उघडलेलं असावं. त्यांनी मोठ्यानं वाचलं: "'आख़िरी मशाल की लौ काँपी और बुझ गयी।' मशाल की? तलवार कहाँ गयी?" त्यांनी पान उलटलं. एक, दोन, तीन. कजरीनं मशाल पेटवली. राजा अजून आलाच नव्हता. विष्णूबाबूंनी पुस्तक डोळ्यांजवळ नेलं. "यहाँ पेंसिल से कुछ लिखा है। कजरी के नीचे लाइन खींची है, और बगल में... 'कैसे?'" त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "ये तुम्हारी लिखावट है, बरखुरदार?"

धैर्यशील म्हणाला, "किताब में ग़लती है। ऐसा हो ही नहीं सकता। लेखक आगे ठीक करेगा।"

"ग़लती तो हरिहरजी की सुई में है," रूपाली म्हणाली, आणि सतरंजीवर उत्तरार्ध उघडून तिनं पानाखालचे ते बारीक नंबर दाखवले. बारा. मग अकरा. मग तेरा. बाराजणांची डोकी एकमेकांवर आपटली. सात महिने! कुणी कपाळावर हात मारला, कुणी तलवारीवर लिहिलेलं आपलं आठ पानी टिपण घडी घालून खिशात सारलं. हरिहरजी "प्रेस वालों ने..." म्हणाले आणि कुणी ऐकत नाही पाहून गप्प बसले.

तुम्हाला वाटेल की इथं सगळ्यांचे डोळे उघडले. डोळे उघडणं एवढं स्वस्त असतं तर पुस्तकं कशाला लागली असती? विष्णूबाबू दाढी खाजवत म्हणाले, "मान लिया, ख़ून बाद में लगा। तो फिर ये भी हो सकता है कि कजरी की माँ का किसी राजा से..."

"अंकल," रूपाली म्हणाली, "उसको राजा की बेटी बनाये बिना आपको नींद नहीं आयेगी क्या?"

यावर हशा पिकला आणि हशातच हरिहरजींनी हात वर करायला सांगितलं. तिच्या बाजूनं सात. चार धैर्यशीलच्या, त्यात त्याचा स्वतःचा. विष्णूबाबूंनी हात मांडीवरच ठेवला, कुणाच्याच बाजूनं नाही. सातांतले किती जण कजरीसाठी होते, किती जण फसवल्याच्या रागानं, किती मोटरसायकलच्या हेव्यानं, हे रूपालीनं मोजलं नाही. धैर्यशील आपलं पुस्तक उचलून निघाला. शटरखालून वाकताना मराठीत म्हणाला, "मिळालं ना हवं ते?"

"मिळालं," ती म्हणाली. "तुझ्याच पुस्तकातून."

पत्र तिनं आधीच लिहून आणलं होतं. दोन पानं, खाली नावाची जागा मोकळी. हरिहरजींनी ते वाचलं, मान डोलावली, टेबलाच्या खणातून मोहर काढली. मग ती हातात धरून खाली वाकले आणि हळूच, जणू तिच्या भल्यासाठी, म्हणाले, "बिटिया, नीचे बस 'रूपाली, लखनऊ' लिख दो। सुंदर लगता है। पूरा नाम काहे... छपेगा, पचास हज़ार लोग पढ़ेंगे। बात बात रहे, नाम में क्या उलझाना।"

बात बात रहे. सकाळपर्यंत तिलाही हेच हवं होतं.

तिनं पेन उघडलं. कागद सतरंजीवर नीट पसरला आणि ठळक लिहिलं: रूपाली नागसेन गजभिये. खाली: विकास नगर, लखनऊ. शाई वाळेस्तोवर फुंकर मारली. हरिहरजींचा हात मोहरेसकट हवेतच होता. तो खाली येईना. मागं जाईना. खोलीतली माणसं चपला शोधायची थांबली.

रूपालीनं हात पुढं केला आणि मोहर त्यांच्या बोटांतून काढून घेतली. त्यांनी धरून ठेवली नाही. पॅडवर टेकवली, कागदावर नेली.

हरिहरजींनी एक सुस्कारा टाकला. रागाचा होता की सुटल्याचा, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

"ज़ोर से दबाना," ते म्हणाले. "पैड सूखा है।"